वाटेत हवा गेली तर

गेल्या हिवाळ्यात माझा थोरला आणि त्याचा मित्र कोल्हापूरहून सायकलने नानीकडे रत्नागिरीला निघाले. अंतर सुमारे १३० किलोमीटर. फजरनंतर घर सोडले. दुपारी आंबा घाटात मागचे चाक पंक्चर झाले. पंक्चर दोघांनी काढले, पण पंप व्हॉल्व्हवर नीट बसेना. जोर लावताना व्हॉल्व्ह बुडापाशीच ट्यूबमधून फाटला. फोनला रेंज नाही. इकडे मगरिब झाली तरी खबर नाही, घरात कुणाला घास जाईना. शेवटी एका टेम्पोवाल्याने त्यांना साखरप्याला सोडले, तेव्हा फोन आला.

चूक माझीच. चप्पल घ्यायला तीन दुकाने फिरणारी मी, पंप मात्र फोटो बघून मागवला होता. त्यानंतर जे शिकले ते सांगते.

आधी सायकलचा व्हॉल्व्ह पाहा. मोटारसायकलसारखा जाड असेल तो श्रेडर. बारीक, टोकाला छोटी चकती असलेला तो प्रेस्टा. हवा भरण्यापूर्वी त्याची चकती सैल करावी लागते. जुन्या काळ्या सायकलींचा तिसराच. आपल्या व्हॉल्व्हला चालणाराच पंप घ्या.

मग टायरच्या कडेवर छापलेला पीएसआयचा आकडा वाचा. अरुंद रेसिंग टायरला ८० ते १२० लागतात, जाड टायरला त्याच्या निम्मेही पुरतात. बारीक नळीचा पंप जास्त दाब देतो, रुंद नळीचा एका वेळी जास्त हवा. कारण सोपे आहे : हाताचा जोर तेवढाच, पण लहान जागेवर पडला की दाब वाढतो. म्हणून अरुंद टायरला बारीक नळी, जाड टायरला रुंद.

तिसरी गोष्ट, लवचीक रबरी नळी असलेला पंप निवडा. पंपाचे तोंड थेट व्हॉल्व्हवर बसत असेल तर प्रत्येक झटक्याला व्हॉल्व्ह हलतो. आमचा तसाच फाटला. दाब दाखवणारा काटा असेल तर उत्तम. आतला वायसर सुटा मिळतो का, तेही दुकानदाराला विचारा. गॅसची छोटी नळकांडी झटपट चाक भरतात, पण एक नळकांडे एकदाच चालते. दुसऱ्या पंक्चरला हातपंपच लागतो.

पंप आणला की लगेच बॅगेत टाकू नका. अंगणात चाकाची सगळी हवा सोडा आणि मुलाला त्याच पंपाने भरायला लावा. शे-दीडशे झटके लागतील, हात भरून येतील. भरले की सायकलच्या दुकानात दाब मोजून घ्या. सोबत एक जादा ट्यूब आणि टायर काढायच्या पट्ट्या द्या.

येत्या सुटीत पोरे पुन्हा नानीकडे निघणार आहेत. या वेळी अंगणातली परीक्षा झाल्याशिवाय मी दार उघडणार नाही.