घंटी वाजवणारा मोकळा कसा?

माझ्या खालाचा मुलगा २३ वर्षांचा आहे. पुण्यात घरोघरी जेवणाची पार्सलं पोहोचवतो. गेल्या पावसाळ्यात रात्री साडेनऊच्या सुमारास त्याच्या गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या एका आजोबांना उडवलं. तिसऱ्या दिवशी ते गेले. धडक बसली तेव्हा याची नजर हँडलला लावलेल्या मोबाईलवर होती. नवी ऑर्डर आली होती आणि ती घ्यायला मोजकेच सेकंद होते.

त्याने हे पोलिसांना सांगितलं. कागदावर मात्र उतरलं ते नेहमीचंच वाक्य : भरधाव वेगात, हयगयीने वाहन चालवून मृत्यूस कारणीभूत. मोबाईलचा उल्लेख नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१) लागलं, पाच वर्षांपर्यंत कैद. कंपनीने दुसऱ्या दिवशी त्याचा आयडी बंद केला. तो आमचा कर्मचारी नाही, भागीदार आहे, असं उत्तर आलं. विमा कंपनी म्हणते, गाडी खासगी वापराची होती, धंद्याची नव्हती. आणि घरात खाला म्हणते, "बेटा, मौत का वक्त लिखा होता है."

मित्रांनो, वक्त लिहिलेला असेल. पण ते सेकंद कुणी लिहिले, हे मला ठाऊक आहे. कारण तसेच सेकंद मीही लिहिले आहेत.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दोन वर्षं अशाच एका दुसऱ्या कंपनीत काम केलं. ऑर्डर आली की स्क्रीनवर गोल फिरतो, घंटी वाजत राहते, वेळ संपली की ऑर्डर दुसऱ्याला जाते, तो भाग आमच्या टीमचा होता. ऑर्डर स्वीकारण्याचं प्रमाण वाढलं म्हणून आम्ही केक कापला. गाडी चालू असताना ही घंटी वाजू नये, असं एकाही मीटिंगमध्ये कुणी म्हणालं नाही. मीही नाही.

आणि ॲपला माहीत नव्हतं, असं कुणी सांगू नये. रायडर कुठे आहे आणि किती वेगाने चालला आहे, हे सर्व्हरला दर काही सेकंदांनी कळतं. त्यावरच तर ग्राहकाच्या फोनवर ती छोटी गाडी सरकताना दिसते. गाडी थांबेपर्यंत ऑर्डर रोखून धरणं हे काही मोठं संशोधन नाही. एक अट लिहायची असते. ती लिहिली जात नाही, कारण उशीर महाग पडतो आणि माणूस स्वस्त.

२०१३ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या अपील न्यायालयापुढे असाच प्रश्न आला होता. मेसेजच्या नादात एका तरुणाने मोटारसायकलवरच्या जोडप्याला धडक दिली. दोघांनीही एकेक पाय गमावला. त्यांनी मेसेज पाठवणाऱ्या मुलीवरही दावा लावला. तिला माहिती असल्याचा पुरावा नव्हता म्हणून ती सुटली. पण न्यायालयाने तत्त्व मान्य केलं : समोरचा गाडी चालवतोय आणि चालवतानाच मेसेज वाचणार आहे, हे ठाऊक असूनही जो पाठवतो, त्याच्यावरही जबाबदारी येऊ शकते. त्या मुलीला ठाऊक होतं की नाही, हे सिद्ध झालं नाही. आपल्या कंपन्यांना मात्र ठाऊक असतं, आणि त्याची नोंद त्यांच्याच सर्व्हरवर असते.

तरी शिक्षा खालच्यालाच होते. १८ मार्च २०१८ ला ॲरिझोनातल्या टेंपी शहरात उबरच्या स्वयंचलित चाचणी गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईचा जीव घेतला. देखरेखीला बसवलेली कर्मचारी फोनवर कार्यक्रम पाहत होती. चौकशीत हेही निघालं की गाडीच्या यंत्रणेने त्या बाईची चाहूल ५.६ सेकंद आधी टिपली होती. पण झेब्रा क्रॉसिंग सोडूनही माणूस रस्ता ओलांडतो, हे सॉफ्टवेअरने धरलंच नव्हतं. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. खटला त्या कर्मचारीवर चालला आणि २०२३ मध्ये तिला तीन वर्षांचं प्रोबेशन मिळालं.

मग माझा भाऊ निर्दोष का? नाही. त्याने स्क्रीनकडे पाहिलं आणि एक माणूस मेला. त्याची शिक्षा त्याने भोगावी. पण वाटून घेतल्याने जबाबदारी कमी होत नाही. प्रत्येकाची आपापली पूर्ण असते.

'तकदीर' म्हणून हात झटकणाऱ्यांना फिक्हची एक आठवण करून देतो. चुकून झालेल्या हत्येलाही तिथे दियत आहे, कफ्फारा आहे. आणि ती दियत एकट्याने भरायची नसते, मारणाऱ्याच्या 'आकिला'ने, म्हणजे त्याच्या पाठीशी असलेल्या गटाने भरायची असते. आधी ही आकिला म्हणजे भाऊबंद. पुढे हनफी फुकहांनी म्हटलं, ज्याचं नाव दिवाणात, म्हणजे वेतनाच्या नोंदवहीत आहे, त्याची आकिला त्या नोंदवहीतले लोक. मला तो कायदा परत नकोय, संविधानाखालचा कायदा पुरेसा आहे. पण ज्या वहीतून भाकरी मिळते, त्या वहीने भारही उचलावा, हे शेकडो वर्षांपूर्वी सुचलं होतं. आज मात्र 'भागीदार' हा एक शब्द वापरून वहीच गायब केली जाते.

आपल्या कायद्यातही वाट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ गाडी चालवताना हातात मोबाईल वापरणं धोकादायक मानतं. कलम १८८ त्या गुन्ह्याला चिथावणी देणाऱ्यालाही तीच शिक्षा सांगतं. वकील म्हणतील, मोबाईल हँडलला होता, हातात नव्हता, आणि चिथावणीला हेतू सिद्ध करावा लागतो. बरोबर. म्हणूनच कायद्यात स्पष्ट लिहिलं पाहिजे : चालत्या गाडीवरच्या माणसाला वेळेची घंटी वाजवणारी कंपनी भरपाईतही वाटेकरी आणि खटल्यातही.

त्याआधी नोंद तरी होऊ द्या. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२१ साली देशात रस्त्यांवर १,५३,९७२ माणसं मेली. त्यात मोबाईलमुळे मेलेली १,०४०. शंभरात एकसुद्धा नाही! कुठल्याही सिग्नलला दहा मिनिटं उभे राहा आणि या आकड्यावर विश्वास बसतो का ते सांगा. जे विचारलंच जात नाही, ते आकड्यात येणार कुठून?

म्हणून तुमच्यापैकी जे रायडर आहेत, कॅब चालवतात, किंवा ज्यांच्या घरातलं कुणी अशा धडकेत गेलंय, त्यांनी जबाबात मोबाईल लिहून घेतल्याशिवाय सही करू नये. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वकिलाला सांगा, कंपनीच्या सर्व्हरवरची त्या पाच मिनिटांची नोंद मागवा. आणि जे माझ्यासारखे एसीत बसून सेकंद ठरवतात, त्यांनी पुढच्या मीटिंगमध्ये तोंड उघडावं. आजोबांच्या मुलाला मी भेटलोय. ती नोंद मागवायला आणि ती घंटी कशी चालते हे न्यायाधिकरणापुढे सांगायला मी येईन, असा शब्द त्यांना दिलाय.