पिन नेमका कशासाठी?



भातलावणीआधी उमरठला गेलो होतो. खताचे बोलणे आटोपले, तर पडवीत नववीतला नातू आजोबांना इंटरनेट शिकवत बसलेला. "आबा, जमिनीला गट नंबर असतो ना, तसा इथं प्रत्येक यंत्राला आयपी नंबर. निरोपाचे तुकडे होऊन जातात आणि पोचल्यावर पुन्हा जुळतात."

आबांनी विचारले, "पण धाडणारा खरा की खोटा, ते कसं कळायचं?"

पोरगा गप्प. प्रश्न लाखाचा होता. नंबर ठिकाण सांगतो, नियत सांगत नाही.

आबांच्या फोनवर 'पीएम किसान' नावाची फाईल आलेली होती. नावाच्या शेवटी एपीके. मंडळी, एपीके म्हणजे कागद नव्हे, फोनमध्ये बसवायचे अ‍ॅप. अनोळखी अ‍ॅप बसवून मागेल ती परवानगी दिलीत, की ते तुमचे एसएमएस वाचू शकते. मग ओटीपी तुम्ही तोंडाने सांगितला नाहीत, तरी चोराला कळतो. योजनेचे वर्षाचे ६,००० रुपये २,००० च्या तीन हप्त्यांत थेट खात्यावर येतात. त्यासाठी कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅप धाडत नाही.

दुसरे, यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही. हे मला माझ्या मुलीने दोनदा समजावले तेव्हा पटले!

तरीही पैसे गेलेच, तर लाजून घरात बसू नका. त्याच घटकेला १९३० ला फोन करा आणि बँकेलाही कळवा. लवकर कळले तर पैसे पुढे जाण्याआधी अडवता येतात. आबांनी तो नंबर पडवीच्या भिंतीवर खडूने लिहून घेतला. पावसाळ्यात पुसेल म्हणून नातवाने तिथेच कोळशाने गिरवला.