रोमला जातात, मग वाडीला का येत नाहीत?

मैत्रिणींनो, पौर्णिमेला आमच्या नृसिंहवाडीत दर्शनाला गर्दी उसळते. रांगेत उभं राहिलं की बायकांच्या गप्पा आपोआप सुरू होतात, आणि हल्ली त्या गप्पांत एक विषय हमखास निघतो. कुणाचा मुलगा फ्रँकफर्टला असतो, कुणाची लेक-जावई ॲमस्टरडॅमला. "सुट्टीच्या दिवशी काय करतात हो तिकडे?" असं विचारायचा अवकाश, की आई मोबाइलवरचे फोटो काढून दाखवते. या शनिवारी पॅरिस, मागच्या पंधरवड्यात प्राग, त्याआधी रोम. दाखवताना कौतुक असतंच. पण मोबाइल पिशवीत टाकता टाकता एक वाक्य बाहेर पडतं, "एवढं सगळीकडे जाता येतं, घरी यायला मात्र रजा नाही म्हणतात!" आणि पुष्कळदा त्याच्या पाठोपाठ दुसरं, "आमच्या मुलाचं काही नाही हो, सूनबाईंनाच फिरायची हौस फार."

हे दुसरं वाक्य आज ना उद्या सुनेच्या कानावर जातंच, आणि मग फोनवरचं बोलणं तुटक होतं. म्हणून आज हा हिशेब आपण आपल्यातच नीट मांडून बघू या.

रजा वेगळी, रविवार वेगळा

तिकडे नोकरी करणाऱ्याचे मोकळे दिवस दोन प्रकारचे. एक शनिवार-रविवारची सुट्टी, दुसरी भरपगारी रजा. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे ही रजा वर्षाला किमान ४ आठवडे मिळते. जर्मनीत पाच दिवसांचा आठवडा असेल तर कायद्याने किमान २० दिवस. पुष्कळ ठिकाणी त्याहून जास्त देतात, पण ती मोजूनच वापरावी लागते.

आता घरी यायचं म्हणजे काय ते बघा. फ्रँकफर्टहून मुंबईचं थेट विमान धरलं तरी आठ-नऊ तास. विमानतळावर आधी जाऊन बसायचे दोन-तीन तास वेगळे. मग मुंबईहून रात्रीची गाडी धरून जयसिंगपूर, आणि तिथून वाडी. दाराशी चपला काढेपर्यंत दीड दिवस सरलेला, परतताना पुन्हा तेवढाच. तेव्हा दोन आठवडे तरी हवेतच, म्हणजे कामाचे १० दिवस. वीसातली निम्मी रजा झाली! उलट फ्रँकफर्टहून पॅरिस आगगाडीने चार तासांच्या आत-बाहेर. शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परत. रजेचा एक दिवससुद्धा खर्ची पडत नाही. म्हणजे मुलगा पॅरिसला गेला तो वाडीच्या वाट्याचे दिवस खाऊन गेला, असं नव्हे. दोन दिवसांत वाडी गाठून परतणं शक्यच नव्हतं.

घरात शाळकरी मूल असेल तर आणखी एक अडचण. जर्मनीत शाळेची हजेरी सक्तीची आहे. गावाकडे उत्सव आहे म्हणून आठवडाभर नाव सांगून मूल घरी ठेवता येत नाही, दंडसुद्धा होऊ शकतो. आपली दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे बहुधा त्यांची नाताळची सुट्टी लागण्याआधीच. मोठी सुट्टी उन्हाळ्यात, पण त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला आषाढ-श्रावण. त्या दिवसांत कृष्णा-पंचगंगेला पाणी चढतं, देऊळ पाण्यात असतं, उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात नेलेली असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये काय अवस्था झाली होती, ते आपण विसरलेलो नाही. अशा वेळी नातवंडांना घेऊन या, असं आपण तरी कोणत्या तोंडाने सांगणार?

हे जमतं कसं?

आपल्याला नवल वाटतं ते एका शनिवारात देश ओलांडण्याचं. त्याचं कारण आहे शेंगेन. हे लक्झेंबर्ग देशातलं मोझेल नदीकाठचं एक लहानसं गाव. १४ जून १९८५ रोजी तिथे नदीत नांगरलेल्या बोटीवर बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, फ्रान्स आणि तेव्हाचं पश्चिम जर्मनी या पाच देशांनी करार केला, की आपसांतल्या सीमांवरची तपासणी हळूहळू बंद करायची. १९९५ पासून ते प्रत्यक्षात आलं. आज या व्यवस्थेत २९ देश आहेत. यांतल्या एका देशाचा राहण्याचा परवाना असला की बाकीच्या देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत वेगळा व्हिसा न काढता फिरता येतं. आपण मिरजेहून बेळगावला जावं तसंच म्हणा ना! मात्र काही देशांनी अलीकडे सीमेवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली आहे, तेव्हा पासपोर्ट आणि परवाना जवळ हवाच.

हौसेमागची काटकसर

"पैसे उधळतात" हाही एक आरोप. पण फोटोत दिसत नाही ते मी सांगते. धुण्याभांड्याला रोज येणारी बाई तिकडे सहसा नसते. जर्मनीत रविवारी बहुतेक सगळी दुकानं बंद. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून त्यांच्या राज्यघटनेतच राखलेला आहे. म्हणजे शनिवार-रविवार बाहेर जायचं तर आठवड्याचं दूध, भाजी, किराणा शुक्रवारीच भरायचा, कपडे आधी धुऊन वाळवायचे, आणि हे दोघांनी मिळून करायचं. आपल्या मुलाने इथे कधी चहाचा कप विसळला नसेल, पण तिकडे तो इस्त्री करतो, भांडी घासतो आणि मग गाडीत बसतो. सूनबाईंची हौस म्हणून हिणवण्याआधी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

प्रवासातही हिशेब असतोच. जर्मनीत महिन्याच्या पासावर देशभरच्या साध्या गाड्या, बस आणि ट्राम चालतात. मे २०२३ मध्ये तो पास ४९ युरोंना निघाला, जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झाला. वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्यांना तो चालत नाही. म्हणून दोन तासांच्या जागी चार तास बसायचं आणि पैसे वाचवायचे. लक्झेंबर्गमध्ये तर २०२० पासून देशभरच्या बस, ट्राम आणि दुसऱ्या वर्गाची आगगाडी सर्वांना फुकट आहे, परक्या माणसालासुद्धा! स्वस्त विमानात मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. तिकीट कमी, पण मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे, आणि विमानतळही कधी कधी आडगावी. "फ्रँकफर्ट-हान" या नावात फ्रँकफर्ट आहे, पण ते शहर तिथून शंभराहून जास्त किलोमीटर दूर. दुपारचं जेवण बहुधा घरून नेलेल्या डब्यातलं. सांगायचं काय, की आपण यात्रेला निघताना दशम्या बांधून घ्यायचो, तीच ही रीत.

फोनवर काय विचाराल?

"घरी कधी येणार?" हा प्रश्न दर रविवारी विचारला तर उत्तर दर रविवारी तेच मिळणार, आणि दोन्हीकडे मन खट्टू होणार. त्याऐवजी त्यांनी काय पाहिलं ते विचारा. वाडीच्या बाईला तर विचारण्याजोगं पुष्कळ आहे. शेंगेनवरून वाहणारी मोझेल पुढे जर्मनीत कोब्लेन्झला ऱ्हाईन नदीला मिळते. त्या गावाचं नावच मुळी "संगम" या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडलं आहे. पासाऊ नावाच्या गावात तर डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या एकत्र येतात. तिथल्या जुन्या नगरभवनाच्या भिंतीवर कोणत्या वर्षी पाणी कुठवर चढलं याच्या खुणा केलेल्या आहेत. २०१३ च्या जूनमध्ये तिथे पाणी १२.८९ मीटरवर पोचलं होतं. मुलगा अशा गावी गेला तर विचारा, "पाणी उतरल्यावर गाळ कसा काढतात रे तिथे?" आणि आपल्या दक्षिणद्वाराची आठवण नातवंडांना सांगा. उत्तरेच्या दारातून आत शिरलेलं पाणी पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं, आणि लोक त्यात स्नानाला धावतात, हे ऐकताना पोरं डोळे विस्फारतात.

मुलांनाही एक सांगणं आहे. वर्षाच्या सुरुवातीला रजा मांडताना घरचे दहा दिवस आधी बाजूला काढा आणि तारीख आईला कळवा. तारीख कळली की आई ती कालनिर्णयवर लिहून ठेवते, आणि मग तुमचा पॅरिसचा फोटो तिला सलत नाही.

तुम्हीच निघालात तर

मुलांकडे जाऊन राहायचा योग आला, तर या गोष्टी गाठीशी असू द्या.

१. मुक्काम जास्त दिवस ज्या देशात, त्या देशाकडे व्हिसाचा अर्ज. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान १५ दिवस तरी आधी करावाच. शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. राहता येतं ते १८० दिवसांत ९० दिवस.

२. व्हिसा एका प्रवेशाचा की अनेक, ते नीट वाचा. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत. तुर्कस्तान, मोरोक्कोही नाहीत. स्पेनच्या दक्षिण टोकापासून मोरोक्कोचा किनारा सुमारे १४ किलोमीटरवर. "समोर तर दिसतंय, जाऊन येऊ" असा मोह होतो. पण तिकडचा व्हिसा वेगळा लागतो, आणि आपला शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परत मुलाच्या घरी शिरता येत नाही.

३. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. रांगेला वेळ लागतो, तेव्हा गुडघेदुखीची गोळी हातातल्या पिशवीत ठेवा. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मूळ वेष्टनात न्या.

४. आता जिवावर येईल असं सांगते. वाडीचे पेढे, बासुंदी, घरचं साजूक तूप नेता येत नाही. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून सामानात आणायला युरोपीय संघात बंदी आहे. सापडले तर काढून घेतात, दंडही होतो. कढीलिंब नाही, आंबेही रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय नाहीत. फळांपैकी नारळ, केळी, खजूर आणि अननस यांना तो दाखला लागत नाही. बाकी कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी, गूळ, जयसिंगपूरचं भडंग खुशाल न्या.

५. दर शनिवारी त्यांच्याबरोबर निघायलाच हवं असं नाही. जुन्या शहरांतले रस्ते दगडी फरशांचे, पाय भरून येतात. एक आठवडा आपण, एक आठवडा ते दोघंच, असं आधीच बोलून ठेवा. सुनेला त्याचं मोल फार वाटतं.

आणि आपला रविवार?

इथे आपल्या घरांत रविवार म्हणजे बाईला सगळ्यांत जास्त काम. पुरुषमंडळी उशिरा उठणार, दोनदा चहा, साग्रसंगीत जेवण, पाहुणे. मुलांचे फोटो बघून हळहळणाऱ्या कितीजणींनी खिद्रापूर पाहिलं आहे? वाडीहून कुरुंदवाडमार्गे तासाभराची वाट. बाराव्या शतकातलं शिलाहारांच्या काळातलं कोपेश्वराचं देऊळ. त्याच्या स्वर्गमंडपाला ४८ खांब आणि छत मधोमध गोल उघडं, वर आभाळ. रोममध्ये पँथिऑन म्हणून इसवी सन १२६ च्या सुमाराचं देऊळ आहे. त्याच्याही घुमटाला मधोमध असंच गोल तोंड आहे. पाऊस आत येतो आणि फरशीतल्या भोकांतून निथळून जातो.

तेव्हा एखाद्या रविवारचा स्वयंपाक शनिवारीच घरच्यांना हाताशी घेऊन उरका. दशम्या, चटणी, पाण्याची बाटली घ्या, दोघी-तिघी मैत्रिणी मिळून सकाळच्या गाडीने खिद्रापूरला जा. स्वर्गमंडपाखाली उभं राहून फोटो काढा आणि मुलाला पाठवा. त्याने रोम पाहिलं असेल, तर बघा, फोन तोच आधी करतो की नाही!