वितळत्या हिमनद्या आणि राजधानीचे कर्तव्य

फेब्रुवारी २०२१ मध्ये गंगेच्या कालव्यातून दिल्लीच्या सोनिया विहार व भागीरथी या जलशुद्धीकरण केंद्रांत येणारे पाणी एकाएकी इतके गढूळ झाले, की केंद्रांना आपले काम आवरते घ्यावे लागले. गढूळपणाच्या मापात एरवी शंभराच्या आसपास असणारा आकडा ८००० वर गेला होता. त्याचे कारण शेकडो किलोमीटर दूर, उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात घडले होते.

७ फेब्रुवारीच्या सकाळी तेथील रोंटी शिखराच्या कड्याचा सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक व बर्फ सुटून दरीत कोसळला. घर्षणाने बर्फ वितळले, खडकाचा चुरा झाला, आणि चिखलाचा लोंढा ऋषिगंगा व धौलीगंगा यांच्या पात्रांतून धावत सुटला. ऋषिगंगेवरील वीजप्रकल्प नष्ट झाला, तपोवन येथील अपुरा प्रकल्प उद्ध्वस्त झाला, आणि दोनशेहून अधिक माणसे मृत अथवा बेपत्ता झाली. ‘हिमनदी फुटली’ असे प्रथम सर्वत्र सांगण्यात आले. वस्तुतः सुटला होता तो कडा. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. संकट कोठून येते हेच चुकले, तर पहारा भलतीकडे बसतो.

दरड मराठी वाचकांस अपरिचित नाही. २०१४ मध्ये माळीण गाव तिच्याखाली गाडले गेले. सह्याद्रीत मुरलेल्या पावसाने माती जड व सैल होते. हिमाच्या प्रदेशात याखेरीज निराळी कारणे असतात. दरी भरून असणारी हिमनदी दोन्ही बाजूंच्या उतारांना टेकू देते. ती आटली, की टेकू निघून जातो. खडकाच्या फटींत गोठलेले बर्फ भिंतीतील चुन्याप्रमाणे सांधे धरून ठेवते. ते उष्ण झाले, की सांधे ढिले पडतात. शिवाय हिमनदी मागे हटते तेथे तिनेच आणून टाकलेल्या दगडमातीच्या बांधामागे तळे साचते. अशा तळ्यात उतार कोसळला, तर समुद्रातील त्सुनामीसारखीच लाट डोंगरात उठते.

ही कल्पना नव्हे. १६ सप्टेंबर २०२३ रोजी ग्रीनलंडच्या डिक्सन फियोर्ड या चिंचोळ्या खाडीत हिमनदीचा टेकू गेलेला डोंगर कोसळला. सुमारे २०० मीटर उंचीची लाट उठली आणि खाडीचे पाणी नऊ दिवस हेलकावत राहिले. त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते, तोच ३ ऑक्टोबरच्या रात्री सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक तळ्यात काठाचा दीड कोटी घनमीटरच्या आसपास गोठलेला ढिगारा घसरला. सुमारे २० मीटर उंचीच्या लाटेने बांध फोडला, आणि पुराने चुंगथांग येथील १२०० मेगावॉटच्या तिस्ता प्रकल्पाचे धरण वाहून नेले.

या तळ्याचा धोका अज्ञात नव्हता. २०१६ मध्ये नळ टाकून त्याचे पाणी काढण्याचा प्रयत्नही झाला होता. लक्ष होते ते पाण्यावर; काठ मात्र कित्येक वर्षे हळूहळू सरकत होता. रोंटीचा कडाही २०१६ पासून हलत असल्याच्या खुणा उपग्रहांनी टिपलेल्या चित्रांत होत्या; त्या वाचल्या गेल्या दुर्घटनेनंतर.

प्रत्येक दरडीचा दोष सर्वस्वी तापमानवाढीवर ठेवणे शास्त्रास धरून होणार नाही, आणि हिमालयातील प्रत्येक उतारावर पहारा ठेवणेही शक्य नाही. तथापि ज्या तळ्यांच्या व नद्यांच्या काठी गावे आणि प्रकल्प आहेत, त्यांच्या वरचे उतार मोजके आहेत. त्यांची उपग्रहचित्रे दरवर्षी ताडून पाहणे आजच्या साधनांनी सहज साध्य आहे.

येथेच राजधानीचे कर्तव्य सुरू होते. केंद्रीय जल आयोग, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि प्रकल्पांना पर्यावरणाची अनुमती देणारे मंत्रालय, ही सारी दिल्लीत आहेत. हिमतळ्यांचा धोका कमी करण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमास २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, ही गोष्ट स्वागतार्ह होय. परंतु जानेवारी २०२५ मध्ये मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीने वाहून गेलेल्या तिस्ता धरणाच्या जागी अधिक उंच काँक्रीटचे धरण उभारण्याची शिफारस केली. धरणाची भिंत भक्कम करणे आवश्यकच. पण वरचा उतार सुटल्यास तो कोणाला, किती वेळ आधी समजणार, या प्रश्नाचे उत्तर भिंतीच्या उंचीत मिळत नाही.

म्हणून कोणत्याही हिमालयीन प्रकल्पास अनुमती देण्यापूर्वी वरच्या उतारांची पाहणी आणि खालच्या गावांपर्यंत, बोगद्यातील मजुरापर्यंत पोहोचणारी धोक्याची सूचना, या दोन गोष्टी सक्तीच्या असाव्यात. हिमालयाचे पाणी दिल्लीच्या नळास येते आणि त्याची वीज मैदानातील दिवे उजळते. त्या पाण्याच्या उगमाशी राहणाऱ्यांना वेळेवर इशारा मिळण्याची व्यवस्था करणे, हे राजधानीने फेडावयाचे ऋण आहे.