थंडी फुकट मिळत नाही, मंडळी!

"डेटा सेंटर अवकाशात टाकायचं. तिथे उणे दोनशे सत्तर डिग्री, म्हणजे कूलिंग फुकट!" हल्ली आमच्या सॉफ्टवेअरवाल्या जमातीत हे वाक्य इतक्या आत्मविश्वासाने फेकलं जातं, की ऐकून डोकंच तापतं.

अहो, थर्मास आठवा. त्यातला चहा गरम का राहतो? दोन भिंतींच्या मध्ये हवा नसते म्हणून. अवकाश म्हणजे सगळ्यात मोठा थर्मास! तिथे पंखे लावून उपयोग नाही, कारण वारा घालायला हवाच नाही. उष्णता बाहेर टाकायचा एकच मार्ग उरतो, प्रारण. म्हणजे भलामोठा रेडिएटर पसरायचा आणि त्याला इन्फ्रारेड फेकत बसू द्यायचं.

भलामोठा म्हणजे किती? स्टेफान-बोल्ट्झमनचं सूत्र घोकून पास झालो होतो ना आपण, ते काढा आता. २७ अंशांना, म्हणजे ३०० केल्विनला, चांगला लेप दिलेला पत्रा दर चौरस मीटरला साधारण ४१० वॉट फेकतो. दोन्ही बाजू धरल्या तर ८२०. म्हणजे एका मेगावॉटला १२०० चौरस मीटर, आपल्या भाषेत १२ गुंठे. १०० मेगावॉटला ३० एकर! तेही सूर्याकडून आणि पृथ्वीकडून येणारी उष्णता शून्य धरून.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाची अमोनियावर चालणारी मुख्य शीतन यंत्रणा ७० किलोवॉटची आहे. आजची एआयची एकच भरलेली रॅक १०० किलोवॉटच्या वर जाते. म्हणजे अख्ख्या स्थानकाची ती यंत्रणा एका कपाटाला पुरणार नाही. शिवाय डिसेंबर २०१३ मध्ये तिथल्या एका पंपातला व्हॉल्व्ह बिघडला, तर बरीच यंत्रं बंद ठेवावी लागली आणि दोन अंतराळवीरांनी दोनदा बाहेर पडून पंप बदलला. तुमच्या सेंटरचा पंप बदलायला कोण जाणार, ऑन-कॉलवरचा ज्युनिअर?

"मग रेडिएटर जास्त गरम ठेवा!" बरोबर, तापमानाचा चौथा घात आपल्या बाजूने आहे. ७७ अंशांना तीस एकरांचे सोळा होतात. पण उष्णता चिपकडून रेडिएटरकडे जायची, म्हणजे चिप त्याहून गरम हवी. तिला किती भाजणार?

वर ऊन भरपूर आहे, हे मान्य. स्टारक्लाउडने नोव्हेंबर २०२५ मध्ये एन्व्हिडियाची चिप कक्षेत पाठवली, तेही छान झालं. प्रयोग व्हायलाच हवेत. पण एका चिपवरून थेट गिगावॉटच्या गप्पा मारणाऱ्यांनी सोलर पॅनेलच्या आकड्याशेजारी रेडिएटरचं क्षेत्रफळ आणि वजनही लिहावं. तिथे नुसतं बर्फाच्या फुलाचं चित्र चालणार नाही.