आधी गल्ली, मग तक्ता

शाळा सुरू झाल्या की बालवाड्यांच्या भिंतींवर नवे तक्ते लागतात. ‘आपले मदतनीस’ हा तक्ता त्यांत बहुतेक ठिकाणी असतो. पोस्टमन, डॉक्टर, पोलीस, शिंपी, भाजीवाला. आठवडाभरात मुलांची नावे पाठ होतात, चित्रावर बोट ठेवले की उत्तर येते आणि विषय पूर्ण झाल्याची नोंद दैनंदिनीत होते. आमच्या मते विषयाला तोवर सुरुवातही झालेली नसते.

चार वर्षांच्या मुलाला शेजाराची बरीच माहिती असते. दूधवाले काका केव्हा येतात, कुणाच्या ओट्यावर बसलेले चालते, कोणती आजी हातावर काहीतरी ठेवते, कोणत्या घराकडे जायचे नाही म्हणून घरी बजावले आहे, हे सारे शाळेत येण्याआधीच त्याने टिपलेले असते. ते बोलते करायचे आणि त्याला पुढचा प्रश्न जोडायचा, हे ताईंचे काम. तक्ता नेमके उलटे करतो. मुलाला ठाऊक असलेली माणसे पुसून तो अनोळखी गणवेश दाखवतो.

आपल्या क्षेत्राला ही वाट नवी नाही. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या. वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी काम उभारले. गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा भरली, ती मुलांच्या कामाच्या जागीच. शिकवण्याचे साहित्यही खडे, बिया, पाने, शिंपले असे भोवतालचेच होते. १९७५ मध्ये सरकारी योजना आली, तिने अंगणवाडी हे नाव उचलले. अंगण मात्र पुष्कळ ठिकाणी भिंतीबाहेरच राहिले.

म्हणून परिसरफेरीविषयी थोडे सविस्तर लिहितो. एका वेळी आठ-दहा मुले आणि एकच ठिकाण पुरे. पिठाची गिरणी घ्या. ताईंनी आदल्या दिवशी जाऊन गिरणीवाल्यांशी बोलावे, गर्दी नसलेली वेळ ठरवावी. पट्टा फिरत असताना मुले दाराबाहेरच थांबवावीत. पीठ गरम का लागते, हे मुले आपणहून विचारतात. गिरणीवाल्यांचे केस पांढरे कशाने झाले, हेही विचारतात. मग ताईंनी एक प्रश्न घालावा : ज्वारीनंतर लगेच गहू टाकला तर? उपवासाचा राजगिरा केव्हा दळता? उत्तर ऐकताना मुलांना कळते, की हा एक माणूस साऱ्या गल्लीचे खाणेपिणे लक्षात ठेवून दळणांचा क्रम लावतो. शेजार म्हणजे काय, हे याहून चांगले कोणते पुस्तक सांगेल?

परत आल्यावर लगेच चित्र काढायला बसवू नये. दोन-तीन डबे, थोडी वाळू, एक मोडका तराजू कोपऱ्यात ठेवावा. खेळात गिरणी सुरू होते, डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लागतात, कोणाचे दळण आधी यावरून भांडण होते आणि रांगेचा नियम मुलेच करतात. हा खेळ अनेक दिवस चालू द्यावा. त्यानंतर अंगणात खडे मांडून शाळा, गिरणी आणि आपापले घर दाखवायला सांगावे. बालभारतीने तिसरीसाठी परिसर अभ्यासाची जिल्हानिहाय पुस्तके काढली होती; जिल्ह्याच्या नकाशाची वाट या खड्यांवरूनच जाते.

खडे मांडताना एक नाजूक गोष्ट समोर येते. मुले काही वस्त्यांची नावे जातीवरून घेतात, कारण मोठे तशीच घेतात. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, पण जिभेवरची नावे शासननिर्णयाने जात नाहीत. अशा वेळी मुलाला रागावू नये, हसण्यावारीही नेऊ नये. वस्तीचे नवे नाव ताईंनी स्वतः वापरावे, आणि पुढची फेरी त्याच वस्तीत न्यावी.

तसेच आपल्या तक्त्याकडे एकदा नीट बघावे. वर्गातल्या किती मुलांचे आईवडील त्यात आहेत? घंटागाडीवरचे कामगार, आशाताई, वायरमन, गवंड्याच्या हाताखाली राबणारी आई, रात्रपाळीचा वॉचमन हे त्यात क्वचितच दिसतात. ज्या मुलाच्या वडिलांचे काम भिंतीवर नाही, ते मूल त्या कामाविषयी वर्गात बोलत नाही. त्या वडिलांना वर्गात बोलवा, त्यांची अवजारे मुलांना हातात धरू द्या. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातल्या मुलाला तर दोन शेजार असतात, एक गावातला आणि एक कारखान्यावरच्या खोपटांचा. ते मूल परतल्यावर त्याचा बुडालेला अभ्यास आपण मोजतो. तिथे पाणी कोण आणत होते, खेळायला कोण होते, हेही विचारायला हवे. गावाबाहेरच्या जगाची अशी माहिती वर्गात दुसऱ्या कुणाजवळ नसते.

या महिन्यात एक फेरी ठरवा. कुठे गेलात आणि मुलांनी कोणते प्रश्न विचारले, ते मुलांच्याच बोलीत लिहून आमच्याकडे पाठवा. प्रश्न दुरुस्त करू नका. पुढील अंकांत त्यांच्यासाठी आम्ही पाने राखून ठेवली आहेत.