छताचा पंखा आणि आपला कारागीर

उन्हाळ्याची चाहूल लागली कीं घरोघरीं पंख्यांची चर्चा सुरू होते. जुना पंखा कुरकुरूं लागलेला असतो, नव्या खोलीस नवा पंखा हवा असतो, आणि परीक्षेच्या दिवसांत मुलांच्या डोक्यावर वारा असावा अशी आईबापांची इच्छा असते. विषय साधा, वार्षिकाचीं पानें त्यावर कशास खर्च करावीं, असें कोणी विचारील. परंतु या साध्या विषयांतच आपल्या व्यवहाराचे दोन दोष आम्हांस दिसतात. वस्तु आधीं विकत घ्यावयाची व जाणत्यास मागाहून विचारावयाचें, हा पहिला. आणि ज्याच्या हातावर आपल्या मुलाबाळांची सुरक्षितता अवलंबून असते, त्याच्याच मजुरींत काटकसर करावयाची, हा दुसरा.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं सवलत मिळते म्हणून एकाच मापाचे तीन पंखे घेतले. घरीं आणल्यावर कळलें कीं, स्वयंपाकघरांत त्यांतील एकाचीं पातीं फडताळाच्या दारास लागतात, आणि लांबट दिवाणखान्यांत एका पंख्याचा वारा कोणत्याच टोकास पोंचत नाहीं. पुढें बसविण्याचा प्रश्न आला. गल्लींतील अनुभवी वीजतंत्र्यानें सांगितलेली मजुरी त्यांस जड वाटली, म्हणून निम्म्या पैशांत काम करणारा एक होतकरू मुलगा बोलाविला गेला. त्यानें पंखा टांगला, बोल्ट घातला, बोल्टाच्या टोकास दुहेरी पिनही घातली; परंतु त्या पिनेचे दोन पाय फांकवावयाचे असतात, हें त्यास ठाऊक नव्हतें. पंखा रोज थोडथोडा हालत राहिला, पिन सरकली, बोल्ट सरकला. आणि एके सायंकाळीं ज्या चटईवर त्या घरची मुलगी अभ्यासास बसत असे, तिच्यावर पंखा कोसळला. मुलगी नुकतीच जेवावयास उठली होती. वाचलेल्या मजुरीचा हिशेब त्या रात्रीं कोणींही मांडला नाहीं. दोष मुलाचा म्हणावा, तर त्यास शिकविलें कोणीं होतें? दोष स्वस्ताईच्या मोहाचा होता.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, पंखा घेण्यापूर्वींच जाणत्या कारागिरास घरीं बोलवावें व पाहणीचे पैसे आनंदानें द्यावे. दुकानदारास पंखा ठाऊक असतो, पण आपलें छत ठाऊक नसतें. दहा-बारा फुटांच्या चौकोनी खोलीस १२०० मिलिमीटरचा, म्हणजे ४८ इंची पंखा बहुधा पुरतो. लहान स्वयंपाकघरास ९०० मिलिमीटरचा बरा. लांब खोलीस एका मोठ्या पंख्यापेक्षां दोन पंखे हितकर. पातीं जमिनीपासून निदान आठ फूट उंच असावीं, म्हणजे माणसाचा उगारलेला हात त्यांस सहसा लागणार नाहीं. आणि छतापासून सुमारें एक फूट खालीं असावीं, नाहींतर पंख्यास वरून हवा खेंचतां येत नाहीं व तो नुसता गरगरतो. स्लॅबमधील हूक गंजला आहे कीं काय, हें पाहावें लागतें. कौलारू घरांत पंखा तुळईस टांगावयाचा, तर ती वाळवीनें पोखरलेली नाहीं ना, हें ठोकून पाहावें लागतें. या गोष्टी खोक्यावर छापलेल्या नसतात.

विजेच्या खर्चाचाही विचार तोच नीट सांगूं शकतो. १ जानेवारी २०२३ पासून आपल्या देशांत छताच्या पंख्यांवर तारांकित चिठ्ठी सक्तीची झाली आहे. साधा जुना पंखा पूर्ण वेगानें सुमारें ७५ वॅट वीज घेतो, बी. एल. डी. सी. जातीचा नवा पंखा सुमारें ३० वॅटवर भागवितो. दिवसाला बारा तास धरले तर महिन्याला सोळा युनिटांची बचत होते. गणिताच्या विद्यार्थ्यांनीं हा हिशेब स्वतः करून आईबापांस दाखवावा. मात्र असा पंखा भिंतीवरील जुन्या रेग्युलेटरवर चालवावयाचा नसतो. तो रेग्युलेटर आधीं काढून टाकावा लागतो. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पंखा हवा थंड करीत नाहीं. तो अंगावरील घाम वाळवितो, म्हणून आपणांस गार वाटतें. रिकाम्या खोलींत फिरणारा पंखा कोणासही सुख देत नाहीं, केवळ मीटर फिरवितो.

यावर कित्येक पालक म्हणतील, “कारागीर फसवितात, नको तें सामान लिहून देतात.” असे लोक नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु उपाय आपल्या हातीं आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांस विचारावें, सरकारी परवाना आहे कीं नाहीं तें पाहावें, मजुरी कामाआधीं ठरवावी, सामानाची यादी घेऊन खरेदी स्वतः करावी. आणि प्रामाणिक कारागीर किती पैसे वांचवितो, हेंही पाहावें. पंखा मंद झाला कीं आपण नवा आणावयास निघतों. दोष पुष्कळदां थोड्या किंमतीच्या कपॅसिटरचा असतो, आणि तो बदलतांच तोच पंखा पूर्ववत् फिरूं लागतो. हें सांगणारा मनुष्य गल्लींतच राहत असतो, आणि उद्यां पुन्हां आपल्यास तोंड दाखवावयाचें आहे हें तो जाणून असतो.

कांहीं धाडसी विद्यार्थी म्हणतात, “त्यांत काय मोठें? आम्हीच बसवूं.” त्यांस आमचें कळकळीचें सांगणें आहे. भिंतीवरचें बटण बंद केलें म्हणजे वीज गेली असें समजूं नये. कित्येक घरांत बटण चुकीच्या तारेवर जोडलेलें असतें. तेथें पंखा थांबतो, पण तारेंत वीज जिवंतच राहते. म्हणून जाणता मनुष्य आधीं मुख्य स्विच बंद करितो, मग टेस्टर लावून खात्री करितो, आणि नंतरच शिडीवर चढतो. कुतूहल चांगलें, परंतु त्यानें शिडी धरावी, शिडी चढूं नये.

आतां शेवटचा मुद्दा. आमच्या मतें तोच मुख्य. इंग्रजी अमदानींत कचेऱ्यांतून व न्यायालयांतून छतास मोठा कापडी पंखा टांगलेला असे. त्याची दोरी ओढणारा पंखेवाला बहुधा बाहेर व्हरांड्यांत बसे. वारा आंत वाहे, घाम बाहेर गळे, आणि आंतल्यांस त्याचा चेहराही ठाऊक नसे. विजेनें ती दोरी केव्हांच तोडली. पण ती वृत्ति तुटली काय? भर दुपारीं पत्र्याखालीं शिडीवर उभ्या असलेल्या माणसास आपण पाणी विचारतों काय? त्याचें नांव विचारतों काय? ‘अरे’ म्हणून हांक मारतों कीं ‘दादा’ म्हणून? मजुराचें वेतन सूर्यास्तापूर्वीं त्याच्या हातीं पडावें, अशी मोशेच्या नियमशास्त्रांत आज्ञा आहे. आणि ज्यांच्या नांवानें आपल्या शाळेंत रोज प्रार्थना होते, ते प्रभु येशू नाझरेथांत सुताराच्या घरींच वाढले. हातांनीं काम करणाऱ्यास कमी लेखणें आपल्यास तरी शोभत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, यंदा घरीं पंखा बसेल तेव्हां पुस्तक मिटून तेथें उभे राहा. हें असें कां, तें तसें कां, हें आदरानें विचारा. भौतिकशास्त्राचा एक धडा तुम्हांस फुकट मिळेल. आणि पालकहो, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वीजतंत्री व तारतंत्री यांचे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. आपल्या मुलाचा किंवा मुलीचा कल तिकडे असेल, तर नाक मुरडूं नका. ज्याच्या कामाच्या भरंवशावर आपण रात्रीं पंख्याखालीं निर्धास्त झोंपतों, त्याचा धंदा हलका कसा म्हणावा?